चौकटीवरचा हंस

प्रिय रुसूबुवा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते मधेच कट करता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी सांगतेय आणि समोरचं माणूस लिहितंय. त्याला बजावलंय, जसंच्या तसं उतरव, स्वतःची अक्कल घालू नकोस. लगेच भुवई वर गेली. जाऊ दे.

मी थकले रे. गुडघ्यांचं सोड, त्यांचं रडगाणं रोजचंच. घर गप्प झालंय, त्यानं थकले. जेवताना तुझा बाप भिंतीकडे बघतो, तुझी आई त्याच्याकडे, आणि मी ताटाकडे. ती आता त्याचा चहाचा कप अर्धाच भरते. का, ते कुणी विचारत नाही.

तू तिकडे मशीनवर लोकांच्या स्वयंपाकघराचे ओटे कापतोस म्हणे. कर बाबा, चकचकीत काम आहे. इकडे देवळाच्या गाभाऱ्याची चौकट अजून एका पायावर उभी आहे. उजव्या बाजूचा तुझा नवा दगड कमरेपर्यंत कोरलेला, वर कोरा, शेडमध्ये आडवा पडलाय. खाली तुझी नदीदेवी मगरीवर उभी आहे. मगर जरा गालात हसते, ते मला आवडलं. दारावरचा जुना आडवा दगडी पाट लाकडी टेकूंवर तोलून धरलाय. दुरुस्तीचे साहेब म्हणतात, आता थांबता येत नाही, तिथे साधा सपाट दगड बसवून टाकू.

आणि भांडण कशावरून, तर वेलीवरून. तू ती सैल काढलीस, पानांना वारा लागल्यासारखी. बाप म्हणाला, डावीकडच्या जुन्या वेलीसारखी घट्ट हवी. तू ऐकेनास, त्यानं तुझी पानं तासून सपाट केली, तू अवजारं उचलून चालता झालास. दोघेही माझ्याच वळणावर गेलेले, तक्रार कुणाकडे करू?

काल बसत-उठत देवळात गेले. मंडपात टेकले. वर खांबांच्या डोक्यावर ते ढेरपोटे गण हात वर करून छत पेलत बसलेत, कधीपासून कोण जाणे. त्यांना कुणी म्हणत नाही, दमला असाल, जरा बसा. त्यांच्याकडे बघून मला माझंच हसू आलं.

मग दारावरच्या पाटाकडे बघितलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजोबांनी मला तिथेच उभं करून बोट दाखवलं होतं. डावीकडून आवळलेली वेल येते, उजवीकडून ऐसपैस. मधोमध भेटायला हव्यात, पण एक वर राहिली, एक खाली. त्या फटीत जुन्या कारागिरानं हंस बसवलाय. एका वेलीचं टोक त्याच्या चोचीत, दुसरीचं शेपटीत. आजोबा म्हणाले होते, "दोघांचे हात होते, पटलं नसणार. पण दार उभं राहिलं."

तुझ्या बापाला हे माहीत नाही असं नाही. त्याचं म्हणणं, जुन्यांची चूक आपण कशाला गिरवायची. काल त्यालाही हंसाखाली उभं केलं. मान दुखेपर्यंत बघत राहिला.

आता खरं सांगते. हे अक्षर बघून तुला वाटलं असेल, आजीनं शेजारचं कुठलं शाळकरी पोर धरून आणलंय. ओळी घसरतात, वेलांट्या थरथरतात. नीट बघ. तुझ्या पाटीवर पहिली अक्षरं याच हातानं काढून दिली होती, तेव्हा ती कोरल्यासारखी असायची. आता त्या हातात छिन्नी ठरत नाही. तुझी पानं तासली, त्यानंतर त्यानं दगडाला हात लावलेला नाही. हे लिहायचं नाही म्हणून पेन खाली ठेवून बसला होता. मी म्हटलं, लिही, नाहीतर मीही इथून उठत नाही. लिहिलं.

माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडायला सांगितली आहे. तिथे तो काय लिहील ते मला वाचता येणार नाही, आणि तू मला सांगूही नकोस. दगड अजून जाड आहे, पुन्हा कोरता येईल.

तुझीच, सहीच्या जागी अंगठा उठवणारी,
आजी

वेल सैलच काढ.