लाल चौकोनात दादा

९ एप्रिल
घरबसल्या कामाला महिना झाला. उंचावरून काढलेली चित्रे येतात, त्यातल्या वस्तूंभोवती चौकोन काढून नाव द्यायचे: माणूस, गाडी, होडी, छप्पर. त्यावरून यंत्र बघायला शिकते. कोणाचे यंत्र, ते सांगत नाहीत. मला मजा येते, इथे कबूल करायला हरकत नाही. कथा लिहिताना एवढी खात्री कुठे असते? कादंबरी सातव्या प्रकरणातच अडून आहे.

११ एप्रिल
यादीत नवे नाव: 'शस्त्र घेतलेला माणूस'. स्नेहलला फोन. (ती आमच्या गटाची प्रमुख, पुण्याला असते, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.) जरा घुटमळली, मग म्हणाली, काम लढाऊ ड्रोनसाठी आहे. कोणत्या देशाच्या, ते तिलाही माहीत नाही.
भीती वाटायला हवी होती. वाटली थोडी. पण त्याहून जास्त... छातीत धडधड, परीक्षेच्या आधी व्हायची तशी.

१२ एप्रिल
डोंगर, दाट झाडी, उतारावरून एकामागे एक चार माणसे. प्रत्येकाच्या खांद्यावर लांब काहीतरी. चौकोन काढले, 'शस्त्र'वर बोट नेले आणि थांबले. झाडाखाली दोन टोपल्या. आणि त्या लांब वस्तूच्या टोकाला फुगवटा.
घळ! आंबे उतरवायची काठी, टोकाला जाळी. तिकडे आंबा नसेल, दुसरे काही फळ असेल, पण घळच. एकटीच मोठ्याने हसले. यादीत 'अवजार' हे नावच नाही. नुसते 'माणूस' दिले.

१३ एप्रिल
लाल शेरा. एकेक चित्र तिघे बघतात, एकमेकांना न कळता. दोघांचे जुळले की ते खरे. बाकी दोघांनी 'शस्त्र' दिले, म्हणजे मी चुकले. असे वरचेवर झाले तर काम बंद.
स्ने. म्हणाली, "मॅडम, शंका आली तर शस्त्रच द्यायचं, असं वरून आलंय."
माझे काम जाईल तर जाईल. त्या चौघांचे काय? यंत्र आता शिकले की काठी, टोपली, झाडी म्हणजे...
त्या दोघांनी फळ उतरवताना कधी पाहिले नसणार. त्यांच्यावर तरी कसे रागवायचे.

१५ एप्रिल
आंघोळ करताना सुचले. पुरावा द्यायचा! दादाच्या बागेत काढणी चालू आहे आणि बागेच्या वर सडा, नुसता उघडा कातळ. कड्यावर उभे राहिले की झाडांमधली वाट सरळ खाली दिसते. दादाला सांगितले, उद्या येते, सगळ्यांनी घळी खांद्यावर घेऊन एका ओळीत चालायचे.
"काढणीच्या दिवसांत कवायत? बरी आहेस ना गो?"

१६ एप्रिल
पहिली एसटी. नऊ वाजताच कातळ चटके देत होता. खाली दादा आणि तीन गडी चालले, आधी लाजत, मग चक्क पाय आपटत. जुने गडी बाबीकाका तेवढे झाडावर. या वयातही तेच वर चढतात. आंबे काय तुझा ड्रोन उतरवणार काय, असे वरूनच ओरडत होते. चाळीसेक फोटो. चौघांत दादा कोणता, ते मला कळेना. सख्खा भाऊ.
दु. घरी. फोटो कामाच्या सरावाच्या पानावर टाकले. तिथे आता यंत्र आपणहून चौकोन सुचवते. क्षणभरच लागला.
चार लाल चौकोन. शस्त्र, शस्त्र, शस्त्र, शस्त्र.
दुसऱ्यात दादा. टोपीवरून ओळखला.

१७ एप्रिल
ते चित्र दादाला पाठवले. "लाल रंग मला शोभतो," असे कळवले त्याने. बाबीकाकांचा निरोप: "मी झाडावर व्हतो म्हनून वाचलो."
संध्याकाळी दादाचाच फोन. आंब्याच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, "ते चौघे कुठले गो?"
माहीत नाही म्हटले.
"फळ उतरवायचे दिवस असतील तर उद्याही तिथेच जातील ते."

१९ एप्रिल
जिंकले! निदान अर्धे तरी. काल सगळे फोटो आणि दोन पानी पत्र पाठवले होते. आज स्ने.चा स्वतःहून फोन, आवाजात नुसता उत्साह. वरच्यांनी पाहिले. 'शेतीचे अवजार' हे नाव यादीत येणार, वादाची जुनी चित्रे पुन्हा तिघांकडे जाणार. ओट्यापाशी एक गिरकी घेतली, तेवढ्यात आमटी उतू गेली.
शस्त्रासारख्या दिसणाऱ्या इथल्या वस्तूंची यादी करून द्याल का, असेही विचारले. लगेच बसले. घळ, वल्हे, औषध फवारायची नळी, खांद्यावरचे जाळे... हात थांबेना.
दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "आणि उद्या कोणी बंदुकीलाच जाळी बांधली तर?"
यादी अजून पाठवलेली नाही.

२२ एप्रिल
स. सव्वादहा. ते चित्र आले. तोच उतार, त्याच टोपल्या. नवे नाव यादीत आहे, पण अगदी तळाशी. खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही. चार चौकोन काढले. चारदा 'शेतीचे अवजार'. पाठवले.
पडद्यावर ओळ आली: एक उत्तर मिळाले, दोन बाकी.
चहा ठेवला. गाळायच्या आधी पुन्हा जाऊन बघून आले.
दोन बाकी.