पट्ट्यावरची जाळी

९ डिसेंबर २०२४

कांताबाईची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. कापूस निवडता निवडता बाही मशीनच्या पट्ट्यात ओढली गेली, मागोमाग हात. मी मशीन बंद करेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर असते ती जाळी नव्हती. गुरुवारी सुपरवायझर म्हणून मीच काढायला लावली — कापूस अडकायचा, सारखं जिनिंग थांबायचं. मालक म्हणाले, "भारतराव, गाठी वेळेवर जायला पाहिजेत." फिटर तातेराव नको म्हणत होता. मी म्हणालो, काढ.

१० डिसेंबर

सकाळचं मौन घेतलं. सात वर्षं घेतोय. मशीन सुरू करण्याआधी दहा मिनिटं, सगळे उभे, डोळे मिटून. विपश्यनेला जाऊन आल्तो तेव्हा सुरू केलं. मालक पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

आज मधेच डोळे उघडले. एकाही बाईनं मिटले नव्हते. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

११ डिसेंबर

मौन घेतलं नाही.

दुपारी मालकांनी कागद पुढं सरकवला. जाळी कामगार महिलेनेच काढली, असं टाईप केलेलं. म्हणाले, "तुमच्या शब्दाला वजन हाय. तुम्ही सांगितलं की बाया मानतेत. दवाखान्याचा खर्चा मी करून राह्यलोच ना."

सही केली.

घरी बायकोनं, प्रीतीनं विचारलं, डबा खाल्ला का? हो म्हणालो. दिवसातलं दुसरं खोटं.

१३ डिसेंबर

जालन्याला दवाखान्यात गेलो. मला पाहून कांताबाई उठून बसायला लागली. "साहेब, काम सोडून कशाला आलात? सकाळचं मौन कोण घेतंय मंग?"

बंद केलं, हे सांगता आलं नाही.

"मी हितं बी करून राह्यले," म्हणाली. "दहा मिनिटं. दुखणं जरा कमी वाटतं."

जिन्यात बसून राहिलो. लोक बाजूनं चढत-उतरत होते.

१७ डिसेंबर

कारखाने निरीक्षकांकडं गेलो. म्हणालो, माझी सही खोट्या कागदावर आहे, जाळी मी काढायला लावली. त्यांनी फाईलमधून दुसरा कागद काढला. कांताबाईचा जबाब, कालचाच. "जाळी मीच काढली. साहेबांनी लई वेळा बजावलं होतं." खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

मी एकदाही बजावलं नव्हतं.

तिच्या मुलीला, मोनालीला फोन केला. कोणी बोलायला लावलं आईला? मालक आल्ते का?

"कोणीच न्हाई आलं. आई म्हणती, असा साहेब पुन्हा मिळायचा न्हाई. त्यांच्यावर काही यायला नको."

निरीक्षक म्हणाले, "बाईनं कबूल केलंय. तुम्ही नीट विचार करा, उद्या या."

१८ डिसेंबर

जाळी मीच काढायला लावली, असं लेखी देऊन आलो. निरीक्षकांनी दोन्ही जबाब शेजारी ठेवले. "म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. कोण?"

मी म्हणालो, ती.