श्रीपाद कोणत्या राज्याचा

उज्जैन, माधव नगर
१२ मार्च २००१

चि. मंगलास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुमचं छत्तीसगड स्वतंत्र झालं त्याचं अभिनंदन नोव्हेंबरातच करायचं राहिलं. आता करते, कारण त्याचा प्रसाद आमच्या घरी आलाय. सिंचाई विभागाची वाटणीची यादी लागली आणि आपला श्रीपाद तुमच्या राज्यात गेला. दादा-वहिनी गेले तेव्हा पाच वर्षांचा होता, तेव्हापासून पोर माझ्याकडे. बिलासपूर त्याने तुझ्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलं, तेवढंच.

वाटणीत टेबलं, कपाटं, जीपगाड्या मोजल्या. कपाटांना कुणी विचारलं नाही. श्रीपादला फॉर्म देऊन रीतसर विचारलं, त्याने मध्य प्रदेश लिहिलं, आणि मग त्याला नि कपाटाला सारखंच वागवलं. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, प्रश्न विचारलात तर उत्तर ऐकून घ्या. हे मी ऑफिसातल्या बड्या बाबूंना ऐकवलं. ते म्हणाले की मॅडमजी तर रिटायर झाल्या, त्यांना कसलं टेन्शन. चौतीस वर्षं याच सरकारच्या कन्याशाळेत इंग्रजी शिकवलं मी. मला टेन्शन नाही, संताप आहे.

त्यांनी एक वाट दाखवली: आपसी. तिकडच्या एखाद्या उपयंत्र्याचं, म्हणजे श्रीपादसारख्याच ज्युनियर इंजिनियरचं, नाव मध्य प्रदेशाच्या यादीत आलं असेल आणि त्याला घर सोडवत नसेल, तर त्याने आणि श्रीपादने एकमेकांच्या जागा घ्यायच्या. हुद्दा एक, पगार एक, दोघांची राजीखुशी. तेव्हा शोधाला लाग. लग्नासाठी चार वर्षं आपण मागे आहोत तर बेटा तयार नाही. याला तयार आहे. माणूस व्यसनी नको, चौकशी लागलेला नको, ऐन वेळी फिरणारा नको.

प्रकृतीला जप आणि थोरल्या बहिणीवरचा लोभ कामातून दाखव.

तुझी अक्का


बिलासपूर
३ एप्रिल २००१

ती. अक्कास,
मंगलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तिघं पाहिले. वर्मा गुटखा खातो. साहू श्रीपादला दोन वर्षांनी सीनियर, म्हणजे कागद अडकणार. तिसरा देवांगन. दिसायला बरा, पण बोलणं फार गोड. अशीच माणसं ऐन वेळी फिरतात. मला वाटतं घाई नको. सोयरीक घाईने करू नये असं तूच म्हणतेस.

इथे नुसती धमाल आहे. साहेब आलेत, खुर्च्या यायच्यात. आमच्या समोरचा क्लार्क पाच महिन्यांत हेडक्लार्क झाला. नव्या राज्यात बढत्या लवकर मिळतात म्हणे. मी आपलं सहज सांगतेय. आमचा विहंग अमेरिकेला गेल्यापासून त्याची खोली बंदच होती. काल उघडून पुसून घेतली.

रागावू नकोस. लोभात वाढ व्हावी ही विनंती.

तुझी मंगला


उज्जैन
१९ एप्रिल २००१

मंगला,

आशीर्वाद शेवटी बघू. काल सकाळी नर्मदा एक्सप्रेसने उतरून तुझा तो देवांगन श्रीपादच्या ऑफिसात विचारत विचारत आमच्या दारी आला. श्रीपाद आत होता तेवढ्यात त्याने मला सांगितलं की तो तुझ्याकडे चार वेळा आला होता. चारही वेळा तू त्याला पोहे खायला घातलेस, आणि सांगितलंस की भाचा खुशीने बिलासपूरला येतोय, तू दुसरा कुणी शोध. दुसरा कुणी मिळेना, म्हणून श्रीपादच्या पाया पडायला आला. घरी आई अंथरुणावर आहे. त्याचं बोलणं गोड नाही, रडवेलं आहे.

दोघांना घेऊन मी स्वतः ऑफिसात गेले. अर्ज, शपथपत्रं, सह्या, सगळं दुपारच्या आत. बडे बाबू पानसुद्धा खायला उठले नाहीत.

प्रगतिपुस्तकावर तू बाबांची सही केलीस तेव्हा मी गप्प बसले होते. चूक झाली.

आशीर्वाद नेहमीचेच.

अक्का


बिलासपूर
२७ एप्रिल २००१

ती. अक्कास नमस्कार.

हो, केलं.

सत्तावीस वर्षं तो तुझ्याकडे आहे. माझा मुलगा रविवारी फोन करतो, सात मिनिटं, त्यातली दोन तिकडच्या हवेवर जातात. सरकारने जन्मात पहिल्यांदा मला न मागता काही दिलं, तेही यादीत छापून. परत करवेना. देवांगनची आई मी पाहून आले होते. नुसतं नाही म्हणवेना, म्हणून पोहे.

श्रीपादला सांगू नकोस. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मंगला


उज्जैन
११ ऑगस्ट २००१

चि. मंगलास अनेक आशीर्वाद.

आदेश आला. आपसी मंजूर. श्रीपाद मध्य प्रदेशाचा झाला. मी पेढे आणायला पायात चप्पल घातली, तेवढ्यात त्याने खालची ओळ वाचली. त्याने देवांगनची जागा घ्यायची. आणि देवांगनला मध्य प्रदेशाने सिधीला टाकलेलं होतं. माणूस बघितला, व्यसन बघितलं, सह्या बघितल्या. गाव विचारलं नाही. मुलीच्या लग्नात असं कुणी केलं असतं तर मी त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

नकाशा काढला. सिधी आम्हाला तुमच्या बिलासपूरइतकंच लांब. बिलासपूरला निदान इथून थेट गाडी आहे. सिधीला रेल्वेच नाही. धावत ऑफिसात गेले. बडे बाबू म्हणाले की राजीखुशीने केलेली आपसी फिरत नाही, आणि मॅडमजींचं काम झाल्याबद्दल मिठाई मागितली.

श्रीपाद हसतो. आत्याने मला वाचवलं, असं सगळ्यांना सांगत फिरला. काल बॅग भरताना मात्र विचारलं की तुझ्या गुडघ्यांचं औषध आता कोण आणणार. सरकार आणेल, असं सांगितलं मी.

एक गोष्ट नकाशात आणखी दिसली. सिधीहून तुझं घर जवळ आहे, माझं नाही. थोड्या रजेत तो तुझ्यापर्यंत पोचेल, माझ्यापर्यंत नाही. दसऱ्याला त्याला तिकडेच बोलाव. मीही येते. देवांगनला स्टेशनवर पाठव, सामान तो उचलेल.

श्रीपादला तीन दिवस मिळतील. मी पंधरा दिवसांचं परतीचं तिकीट काढलंय. उरलेल्या बारा दिवसांत आपण दोघी एकमेकींशी काय बोलणार, याचा विचार तू आतापासून करून ठेव.

लोभ कमी झालेला नाही. तू विचारलं होतंस, उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तुझी अक्का