पीअर्ससाठी हसले ते

३ फेब्रुवारी
पीअर्सला नेलं! भरल्या ताटावरून. हातातला पाव तसाच ठेवून माझा भाऊ उठला. "सिबिल, आईला सांग, काही झालं नाही." राणीच्या चोरट्या प्रेमाच्या चिठ्ठ्या पोचवल्या, हा गुन्हा. राणी म्हणजे आमचीच चुलतबहीण, काकांची दुसरी पुतणी — त्यांनीच खटपट करून राजाशी लग्न लावून दिलेली. ती परवाच टॉवरच्या, राजाच्या किल्ल्यातल्या, कोठडीत गेली. आता घरात तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

५ फेब्रुवारी
राल्फच्या घरून माझी साखरपुड्याची अंगठी परत मागितली. दिली.

८ फेब्रुवारी
न्यायासनावर काका! राणी आणि पीअर्स, दोघांना मृत्युदंड सुनावताना म्हणे आवाजही कापला नाही. घरी येऊन मात्र दोन प्याले वाइन उभ्याउभ्या संपवली. मी पाय धरले.

"रविवारी राजवाड्यात मेजवानी आहे," ते म्हणाले. "राणीचं सगळं गणगोत भडक कपड्यांत येणार. तूही. तोंड पाडून बसलीस तर आपण सगळेच गेलो. नाच, हस. राजा खूश झाला की पीअर्ससाठी शब्द टाकतो."

आई भडकली. "भावाचं मुंडकं उडवायचं आणि बहिणीला नाचवायचं? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"वहिनी, या दरबारात लाज बाळगणारे केव्हाच पुरले गेले."

असा संताप आला! आणि लगेच मनात — कुठला झगा घालू? शी!

१२ फेब्रुवारी
नाचले. पिवळा झगा, केसांत मोती. राल्फने ओळखसुद्धा दाखवली नाही, मेला. राजा समोरच बसला होता. गाल दुखेपर्यंत हसले. पीअर्ससाठी, पीअर्ससाठी — दर पावलाला एवढंच मनात. काका जवळून जाताना पुटपुटले, "शाबास! काम झालं समज."

१३ फेब्रुवारी
देवा, त्यांनी शब्द टाकला असेल ना?

१४ फेब्रुवारी
सकाळी राणीचं मुंडकं उडवलं. तिच्यामागून पीअर्सचं.

काकांना धरून विचारलं — बोललात का राजाशी? "राजा इतका खुशीत होता. अशा वेळी नको ते विषय कशाला काढायचे?"

बोललेच नाहीत! तोंडच उघडलं नाही! त्यांचा चेहरा ओरबाडावासा वाटला. आईने मला आवरलं.

१६ फेब्रुवारी
राजवाड्यातून माणूस आला होता. राजाने विचारलंय — रविवारी एवढी हसत होती ती मुलगी कोण? तिचं कुठे ठरलंय का?

काकांनी माझं नाव सांगितलं. माणूस गेल्यावर डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यापुढे गुडघे टेकले.