लाल कोटाच्या गोळ्या

२ मे २०१४, शुक्रवार

हाकललं मला. पुन्हा!

गोडाऊनच्या फोरमनने पाठीत गुद्दा मारला — "श्नेलर, श्नेलर!", लवकर, लवकर — मी वळलो आणि त्याच्या नाकावर दिली. विचारबिचार काही नाही, हातच गेला. रक्त त्याच्या शर्टावर आणि माझ्या नव्या बुटांवर. हेर्त्सोगेनआउराख हे बुटांच्या कंपन्यांचं गाव, आउटलेटमध्ये तीस युरोत मिळाले होते, आतून निळं अस्तर, टाच जरा — जाऊ दे. बुटांचं नंतर.

घरी शैलाताईने माझ्या हातावर बर्फ ठेवला. फ्रीजरमध्ये बर्फाच्या चार पिशव्या! एवढा बर्फ कशाला गं? म्हणाली, "उन्हाळा येतोय."

प्रतापदाजी हसत सुटले. "श्रीपादराव! नाशिकला डिप्लोमा अर्धा, बर्लिनला जर्मनचा क्लास अर्धा, हॉटेलात भांडी घासणं अर्धं. बुक्की मात्र पुरी मारलीत!" मग हसणं थांबलं. "पण तुमच्या व्हिसाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही आहे. विसरू नका."

नाही विसरत. रोज कोणीतरी आठवण करून देतं.

४ मे, रविवार

काम नाही म्हणून दाजींनी तळघरात कामाला लावलं. केलर म्हणायचं त्याला. बेअरिंगच्या कंपनीत इंजिनियर आहेत, पण जीव या केलरमध्ये. गावातल्या नेमबाजांच्या फेराइनचे, म्हणजे क्लबचे, मेंबर. पिस्तुलाचा परवाना, काडतुसांत दारू भरायचा वेगळा परवाना, दोन्ही फ्रेम करून भिंतीवर. लग्नाचा फोटो कपाटामागे.

दुकानातली काडतुसं महाग पडतात म्हणून घरीच भरतात. उडालेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, धुवायच्या, पुन्हा बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. पुंगळी फुकटच. कायद्याने मी दारूला हात लावायचा नाही. माझं काम पुंगळ्या निवडणं. प्रत्येकीच्या बुडावर कंपनीचा शिक्का असतो, शिक्क्याप्रमाणे वेगळे डबे. "कारण?" मी विचारलं. "कारण मी सांगतोय. आल्झो, निवडा."

दुपारी फोनवर मॅच लावली. नंतर बघतो तर सगळ्या पुंगळ्या एकाच बादलीत. कोणाला कळतंय!

१० मे, शनिवार

आज मजा आली. खरंच आली, का खोटं लिहू?

गोळ्या कोणत्या घ्यायच्या याची परीक्षा होती. तांब्याच्या जॅकेटची गोळी बारा सेंट. नुसत्या शिशाची स्वस्त, पण नळीत शिसं चिकटतं आणि धूर होतो. मधला मार्ग म्हणजे शिशावर पक्का भाजलेला रंग, कोटिंगवाली. आठ सेंट. दाजी वर्षाला पाच हजार उडवतात. "एका गोळीमागे चार सेंट वाचतात, श्रीपाद. पाच हजारांचे किती?" मी बोटं मोजत होतो तोवर तेच म्हणाले, "दोनशे युरो! डिप्लोमा अर्धा, दिसतंयच."

तीन कंपन्यांचे नमुने. लाल, हिरवी, निळी. ताईचं नेलपॉलिश रिमूव्हर मागवून फडक्याने घासलं. निळीचा रंग फडक्यावर आला, बाद. मग ऐरणीवर ठेवून हातोडा. एक, दोन, तीन — गोळीची भाकरी होईपर्यंत! हिरवीचे पापुद्रे उडाले. लाल चपटी झाली, तडकली नाही. दाजींच्या कपाळाची शीर टरारली होती. सपाट झाल्यावरही आणखी चार घाव घातले. "बघ. कितीही मार, कोट निघता कामा नये. हीच घ्यायची."

शनिवारीच बरं. रविवारी हातोडा मारला तर शेजारची फ्राउ केर्नर लगेच बेल वाजवते. शांततेचा दिवस म्हणे.

चहा पिताना दाजींनी फेराइनमधल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. एका पुंगळीत दारू भरायची राहिली. चाप ओढल्यावर धाड झालं नाही, फुस्स झालं. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीतच अडकली. गडी थांबला नाही. स्लाइड हाताने मागे खेचून पुढची झाडली. नळी फुटली, अंगठा गेला. "फुस्स झालं की थांबायचं. थांबलं तर काही होत नाही. पण घाई असते ना माणसाला." एवढं सांगून स्वतःच हसले, कारण त्यांनाच घाई असते. फेराइनच्या नेमबाजीच्या रेंजवर मी पाहिलंय, काडतूस अडलं की शिवी, खटकन स्लाइड, पुढची गोळी. बघतही नाहीत.

११ मे, रविवार

ताईच्या डोळ्याखाली जाड मेकअप. केलरच्या दाराला थडकले म्हणाली.

स्पृहा, भाची माझी, सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच. कॉर्नफ्लेक्स खाता खाता, वर न बघता म्हणाली, "नाइन. निश्त दी ट्यूर." नाही. दार नाही.

ताई तिच्यावर ओरडली. एवढ्या मोठ्याने मी ताईला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

१५ मे, गुरुवार

ऐकलं. आज ऐकलं.

मी केलरमध्ये पुंगळ्या पुसत होतो. दाजी ऑफिसातून आले, वर स्वयंपाकघरात गेले. ताईने आईला पैसे पाठवले होते म्हणून काहीतरी. आवाज चढला नाही. म्हणजे असं की — आवाजच नाही. नुसते धप्प. धप्प. उशीवर मारावं तसे. आणि मध्ये मध्ये ताई, अगदी हळू, "अहो, थांबा. अहो, थांबा ना."

थांबले नाहीत.

मी जिना चढलो. खरं सांगतो, चढलो! हातात ऐरणीवरचा हातोडा होता. दार ढकललं. ताई ओट्याला टेकलेली, ओठ फुटलेला. दाजी शर्टाच्या बाह्या नीट करत होते. माझ्या हाताकडे बघितलं. "ठेवा ते खाली, श्रीपादराव. सोमवारी व्हिसाच्या ऑफिसात फोन करून सही काढून घेऊ का?"

ताई म्हणाली, "श्री, खाली जा."

गेलो. त्या फोरमनने एक गुद्दा मारला तर मी त्याचं नाक फोडलं. आणि इथे जिना उतरून खाली आलो!

फ्राउ केर्नरची बेल वाजली नाही. हातोड्याचा आवाज नव्हता ना.

१६ मे, शुक्रवार

पोलिसांना फोन करू म्हटलं. ताई म्हणाली, "केला होता एकदा. ते आले, गेले. मग मी आणि हे दोघंच राहिलो."

१८ मे, रविवार

लिहू की नको.

पुढच्या शनिवारी फेराइनचा खुला दिवस आहे. सगळं गाव येतं, केक, बिअर, पाहुण्यांनीही गोळी मारायची. दाजींना दोनशे काडतुसं हवी होती. दुपारी बसलो. ते पुंगळ्यांत दारू घालत, टॉर्च मारून एकेकीत डोकावत. मग मी वर लाल गोळी ठेवून प्रेसचा दांडा ओढायचा. बारा वर्षांत माझी एकही चुकली नाही, म्हणाले.

पन्नासेक राहिल्या तेव्हा कंपनीचा फोन आला. केलरमध्ये नेटवर्क नाही, वर जाता जाता म्हणाले, "दोन मिनिटं. दारूला हात लावायचा नाही."

टॉर्च मारून झालेल्या पुंगळ्या समोर रांगेत. मी एक उचलली. उलटी केली. करडे दाणे परत डब्यात. एवढंसं काम! मीठ सांडावं तसं. वर लाल गोळी ठेवली, दांडा ओढला, ढिगात टाकली. माझे हात अजिबात थरथरले नाहीत. दाजींचे दात, दाजींचा पंजा, चिंध्या झालेला पंजा — सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

थांबले तर त्यांना काहीच होणार नाही. मी तेवढंच केलंय. थांबायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

दाजी आले. ढीग कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली खिशात.

१९ मे, सोमवार

झोप मस्त लागली. याचीच भीती वाटते.

२२ मे, गुरुवार

जेवताना दाजी म्हणाले, "शनिवारी शैला पण मारणार. फेराइनवाले विचारतात, बायको कधी येत नाही, नाराज आहे का?" ताईच्या ताटात भात वाढला स्वतःच्या हाताने. "काय गं? पाच-दहा गोळ्या. सगळ्यांसमोर."

ताई म्हणाली, "बरं."

मी घास परत ताटात ठेवला.

२३ मे, शुक्रवार

सकाळी दाजी काडतुसं डब्यांत भरायला बसले, पन्नासच्या चार डब्या. मी म्हटलं, दाजी, एकेक वजन करून बघूया? एखाद्यात दारू कमी-जास्त असेल तर?

"शाबास! डोकं चाललं की!" काटा काढला. पहिलं काडतूस, दुसरं, तिसरं. आकडे कसेही नाचायला लागले. दाजींनी एक उलटं करून बूड बघितलं. दुसरं बघितलं. मग माझ्या मुस्काटात दिली. काटाच पडला.

"शिक्के मिसळलेस! गाढवा, एका कंपनीची पुंगळी जड, एकीची हलकी, तो फरकच दारूपेक्षा जास्त आहे! आता काटा काय सांगणार, कपाळ?"

त्याच क्षणी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण गाल जळत होता, कानात शिट्टी, आणि मी म्हणालो, "सॉरी दाजी."

डब्या गाडीच्या पेटीत गेल्या. कुलूप.

दाजी ऑफिसला गेले. ताई राबार्बरचे आंबट दांडे चिरत होती, फेराइनच्या केकसाठी. मेंबरांच्या बायकांनी केक न्यायचा असतो. मी म्हटलं, ताई, उद्या गोळी मारू नकोस. आणि सांगितलं. सगळं. तिची सुरी थांबली नाही.

"कुठल्या डबीत?"

"माहीत नाही गं. सगळ्या लालच."

"कळतं कसं?"

"धाड होत नाही. फुस्स होतं. मग थांबायचं. पिस्तूल टेबलावर ठेवायचं, तोंड समोर. पुन्हा चाप ओढला तर हात जातो."

"आणि थांबलं तर?"

"तर काहीच नाही."

तिने चिरलेलं सगळं साच्यात लोटलं. "यांना बोललास?"

"आत्ता फोन करतो."

"नको. संध्याकाळपर्यंत तुझं तिकीट काढतील. माझं काय करतील ते वेगळंच." माझ्या गालाकडे बघितलं. "मी बघते काय सांगायचं ते. साखर दे."

सुटलो! ताई सांगेल त्यांना. ताईला बरोबर जमतं.

२४ मे, शनिवार

अक्षर कसलंही येतंय.

ऊन होतं. बाहेर बाकडी, सॉसेज, बँड. स्पृहा मैत्रिणींबरोबर केकजवळ. आम्ही आत, रेंजवर. दाजी झाडत होते, सटासट, लोक "झूपर!" म्हणत होते. दोन डब्या संपल्या. मी प्रत्येक गोळीला डोळे मिटत होतो. मनात म्हटलं, ताईने सांगितलं असेल, त्यांनी ती शोधून काढली असेल.

मग ताईची पाळी. दाजींनी मागून तिचे खांदे धरून उभी केली. कानाला आवाज अडवणारे मफ. एक — धाड. दोन. तीन. चार.

पाचवी. फुस्स.

ताई थांबली. पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड समोर, आणि डावा हात वर केला. शाळेत करतात तसा. देखरेखीचा म्हातारा डिस्टलर पलीकडे एका पोराला चष्मा लावून देत होता. त्याला दिसलं नाही.

दाजी हसत पुढे आले. हसणं जर्मन लोकांसाठी, बोलणं मराठीत. "दचकलीस? सगळ्यांसमोर हसं करतेस माझं? हो बाजूला."

ताई म्हणाली, "अहो, थांबा."

हळू म्हणाली. नेहमीसारखं. कानाला मफ असूनही मला ओठांवरून कळलं. मी ओरडलो, दाजी! — पण शेजारच्या चार पिस्तुलांत माझा आवाज कुठला.

दाजींनी पिस्तूल उचललं, खटकन स्लाइड मागे, चाप. बघितलंही नाही.

तो आवाज वेगळाच होता. पत्रा फाटल्यासारखा. मग काळ्या लोखंडाचा तुकडा छतातून खाली पडला, आणि दाजी स्वतःच्या हाताकडे बघत उभे होते, दुसऱ्याच कोणाचा असावा तसे. टेबलावर रक्त, लक्ष्यांच्या कागदांवर रक्त, ताईच्या पांढऱ्या कुर्त्यावर. बोट एक माझ्या बुटाजवळ होतं. अंगठी होती त्यात.

बाहेर बँड चालूच होता, बराच वेळ.

२६ मे, सोमवार

तीन बोटं गेली. उजव्या हाताची. दाजींनी जबाब दिला — दारू मीच भरतो, दुसरं कोणी हात लावत नाही. वेगळं सांगितलं असतं तर परवाना गेला असता. परवाना तरीही गेला.

पोलीसबाई घरी आली. तुम्हाला शंका आली होती तर नवऱ्याला अडवलं का नाही? ताई म्हणाली, "थांबा म्हटलं. बारा वर्षं म्हणतेय."

बाई गेल्यावर मी विचारलं, शुक्रवारी तू त्यांना काय सांगितलंस?

"उद्या ऊन आहे, टोपी घ्या."