पेटीत कार्डच नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एकदाचा लॅपटॉप मिळाला. गोंदियाच्या सभागृहात हार, भाषणं, फोटो, आणि शेवटी आम्हा सीएचओंना, म्हणजे उपकेंद्रांच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, एकेक. साधा नाही. काळा, जाडजूड, कडांना रबर, वरून उचलायला मूठ. पडला तरी फुटत नाही, भिजला तरी चालतो म्हणे. कांताताईने, आमच्या गावच्या आशाताईने, फोटो पाहूनच नाव ठेवलं: पेटी. सोबत ईसीजीचं यंत्र. उपकेंद्रातच पेशंटच्या छातीला तारा लावायच्या, ईसीजीची पट्टी तिकडे गोंदियाला हृदयाच्या डॉ. पटलेंच्या स्क्रीनवर उघडणार, ते लगेच सांगणार काय करायचं ते.
केशोरीच्याही आत आमचं गाव. ईसीजीसाठी लोकांना तालुक्याला, अर्जुनीला जावं लागतं, आणि जात कोणी नाही. म्हणून मनापासून आनंद झाला. रात्री गोंदियाजवळ मुर्रीला आईकडे मुक्काम. आई म्हणे, "एवढी जड कायले देल्ली व तुले?"

१७ नोव्हें., सोमवार
कार्यालयाचं सिम बाजूच्या खाचेत घातलं. काही नाही. नेटवर्कचं चिन्हसुद्धा येत नाही. काढलं, पुसलं, परत घातलं. नाही.
फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहिलं. नेट येतं, पण ईसीजीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. ते फक्त कार्यालयाच्या सिमवर चालतं. सुरक्षेसाठी तशी सोय केली आहे म्हणे. आणि ते उघडल्याशिवाय यंत्र साधी रेघ काढत नाही.
कंपनीचा इंजिनिअर दुबे, गोंदियात बसतो. त्याला फोन लावला. "मॅडम, सिम निकालके फिरसे डालो." घातलं. "अब रीस्टार्ट करो." केलं. "अब?" अब काय, कपाळ!

२० नोव्हें.
दुबेचं आजचं निदान: ड्रायव्हर नाही. म्हटलं, कुठून आणू? "नेट से डाउनलोड कर लो ना मॅडम."
हॉटस्पॉटवर अर्धी सकाळ घालवून उतरवून घेतला. फोनला उपकेंद्रात रेंजची एकच डंडी, तीही येऊन-जाऊन. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ पेटी मांडीवर घेऊन बसले. बाया पाणी भरता भरता पाहत होत्या. ड्रायव्हर बसला. मग स्क्रीनवर आलं की असं कोणतंही उपकरण सापडलं नाही.
दुबेने त्यानंतर फोन उचलला नाही.

२६ नोव्हें., बुधवार
आज गावातले रामदासभाऊ आले. नाटकात काम करतात. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत घरी सापडत नाहीत. खलनायक करतात, आणि त्यांचं ते हसणं चार गावच्या पोरांना पाठ आहे. म्हणाले, चालताना छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते, थांबलो की बरं.
मला हे लक्षण आवडलं नाही. बीपी जास्त. म्हटलं, आजच अर्जुनीला जाऊन ईसीजी काढा.
"अर्जुनी कायले? तुमच्या पेटीत निघते म्हनते ना कांता?"
"निघते. पण पेटी सुरू नाही झाली अजून."
"मंग सुरू झाली का सांगजा. मी काही अर्जुनीले जाऊन नाही राहिलो. उद्या तालीम, परवा प्रयोग. ग्यास आहे जी."
गोळ्या लिहून दिल्या, रागावले, त्यांच्या बायकोला, शेवंतावहिनीला, घरी जाऊन सांगितलं. तीही त्यांच्यावर चिडलेलीच. पण माणूस अर्जुनीला गेला नाही. पेटी टेबलावर बंद. मला ती उचलून विहिरीत टाकावीशी वाटली. म्हणे भिजली तरी चालते.

२ डिसेंबर, मंगळवार
उघडली. स्वतः. धानाच्या गिरणीतून पेचकस आणला, फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि मागचं झाकण काढलं. स्क्रूवर कंपनीचं कागदी सील होतं, ते फाटलं. फाटू दे.
आत डेटा कार्डाची जागा आहे. कार्ड नाही!
रिकामी खाच. शेजारी दोन बारीक तारा, एक काळी एक पांढरी, टोकं टेपने चिकटवलेली. म्हणजे बाहेर सिमची खाच आहे, वर झाकण आहे, आणि ज्या वस्तूने ते सिम वाचायचं ती वस्तूच बसवली नाही. आणि मी पंधरवडाभर सिम पुसत बसले.
फोटो काढून दुबेला पाठवला. लगेच फोन! इतके दिवस उचलत नव्हता.
"मॅडम, आपने सील तोडा?"
कार्डाबद्दल एक शब्द नाही.

५ डिसें., शुक्रवार
अर्जुनीला बैठक. जिल्हा आरोग्य कार्यालयाचे साहेब आले होते. मी उठून सांगितलं. फोटो दाखवला. साहेब म्हणाले, "पुरवठा पूर्ण झालेला आहे. पुरवठ्याच्या ॲपवर सगळ्या केंद्रांचं हिरवं दिसतंय."
"माझं हिरवं कोणी केलं सर?"
"मॅडम, हा विषय आपण नंतर घेऊ."
चहाच्या वेळी दुसऱ्या केंद्रांच्या तिघीजणी हळूच जवळ आल्या. आमचीपण चालत नाही गं. मी म्हटलं, मग आत का नाही बोललात? एक म्हणाली, "कायले बोलाचं? बदली करतीन." दुसरीची पेटी तर अजून खोक्यातच आहे. चहा तसाच ठेवून निघाले. बसमध्ये अर्जुनीपासून केशोरीपर्यंत एकटीच मनात भांडत आले.

९ डिसें.
दुबे आला. म्हणजे बैठकीचा एवढा तरी उपयोग. कार्ड आणलं होतं, बसवलं, पेटी सुरू केली. स्क्रीनवर लिहून आलं की हे कार्ड या यंत्राला मंजूर नाही, आणि पेटी बंद. परत सुरू केली, परत तेच.
"इस मॉडल में ये वाला नहीं चलता मॅडम."
"मग आणलं कशाला?"
"कंपनी ने यही भेजा."
कार्ड काढून खिशात घातलं, कांताताईकडे पोहे खाल्ले, गेला. जाताना म्हणे, जंगल मस्त है आपका, नागझिरा इधर से पास पडता क्या? मी रजिस्टर उघडलं.

१५ डिसें., सोमवार
रात्र फार झाली. तरी आजच लिहून ठेवते.
सकाळी रामदासभाऊंना मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. मागून शेवंतावहिनीने धरलेलं. काल शेजारच्या गावात प्रयोग होता. अंगाला घाम, चेहरा राखेसारखा. बोलायला श्वास पुरेना. ॲस्पिरिन चावायला दिली, बीपी घेतलं, ॲम्ब्युलन्सला फोन करायला टाकीकडे धावले. तिथूनच डॉ. पटलेंना लावला. चांगला माणूस, लगेच म्हणाले, "पट्टी पाठवा."
"पट्टी नाही सर. कार्ड नाही पेटीत."
"म्हणजे? माझ्याकडे तुमचं केंद्र चालू दिसतंय."
काय सांगू त्यांना, टाकीजवळ उभी राहून?
ते म्हणाले, पट्टी असती तर मी सरळ गोंदियाला बोलवून तयारी ठेवली असती. आंधळेपणाने सांगता येत नाही, आधी जवळच्या अर्जुनीला हलवा. ॲम्ब्युलन्स आली, अर्जुनीला गेली. तिथे पट्टी निघाली, मोठा झटका. तिथून परत दुसरी गाडी, मग गोंदिया. एकाच्या जागी दोन प्रवास.
शेवंतावहिनी गाडीत चढताना पेटीकडे पाहत होती.

१६ डिसें.
जिवंत आहेत. हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. डॉ. पटले फोनवर म्हणाले, उशीर झाला.
कोणामुळे ते त्यांनी नाही सांगितलं. मला माहीत आहे. आज साहेबांना तीनदा फोन केला. मीटिंगमध्ये आहेत.

२४ डिसें., बुधवार
दुबे परत. या वेळी बरोबर कार्ड. पेटीने मुकाट घेतलं, नेटवर्कचं चिन्ह आलं, आणि डंडी एकही नाही.
"टॉवर प्रॉब्लम है मॅडम, इसमें मैं क्या करूँ." बॅग भरायला लागला.
मी म्हटलं थांब. झाकण उघड. त्या दोन तारा?
"वो एक्स्ट्रा है."
एक्स्ट्रा! टेप मीच ओढून काढली. तारांच्या टोकाला छोटी गोल टिकली, कार्डावर तशाच दोन जागा. बोटाने दाबल्या. टक्. टक्. अँटेनाच्या तारा होत्या त्या, पडद्याच्या कडेने वर गेलेल्या.
तीन डंड्या. कार्यालयाचं सिम वेगळ्या कंपनीचं, माझ्या फोनसारखं रडत नाही.
कांताताई टेबलावर आडवी झाली, म्हणे पहिला नंबर माझा. तारा लावल्या, पट्टी गेली, डॉ. पटलेंचं उत्तर आलं: नॉर्मल.
"नॉर्मल कशी जी? मी तं दिवसभर थकून जाते."
हसलो दोघी. मग मला एकदम रडू आलं आणि मी आतल्या खोलीत गेले. एवढंच होतं. एक कार्ड आणि दोन तारा.
बाहेर आले तर दुबे उभाच. "मॅडम, ओटीपी आया होगा. बता दीजिए, कंप्लेंट क्लोज करना है."
मेसेज वाचला. लिहिलं होतं की यंत्र मिळाल्या दिवसापासून सर्व भागांसह चालू आहे, मान्य असल्यास ओटीपी द्या.
म्हटलं, मिळाल्या दिवसापासून? नाही देणार.
"सब दे देते हैं मॅडम, पढता कौन है."
मी वाचलं. मी नाही दिला.

३० डिसें., मंगळवार
आता साहेबांचा फोन स्वतःहून. आवाज गोड.
"यंत्र चालू झालं ना? मग देऊन टाका ओटीपी. विषय संपवा."
"सर, १५ तारखेला कार्ड नव्हतं. मी हो म्हटलं तर त्या दिवशी पेटी चालू होती असं होईल. मग पट्टी का नाही काढली, हे मला विचारतील."
"कोण विचारणार?"
हे जे बोलले ना. कोण विचारणार! जंगलाकाठचं गाव, नाटकात काम करणारा माणूस. कोण विचारणार.
मी म्हटलं, "त्याची बायको विचारेल सर."
मग म्हणाले, सील तुम्ही तोडलंय, मी अजून त्याकडे दुर्लक्ष करतोय. फोन ठेवला.
जेवण गेलं नाही. बाकीच्या केंद्रांचं काय? माझी एक पेटी भांडून चालू झाली. त्या तिघींच्या पेट्यांतही रिकामी खाचच असणार, आणि ॲपवर सगळं हिरवंगार.

३ जानेवारी, शनिवार
रामदासभाऊ घरी आले, भेटायला गेले. अर्धे झालेत. ओसरीत बाजेवर बसून होते. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. त्यांची भूमिका नाटक मंडळीने दुसऱ्याला दिली. तो कसा करतो ते सांगताना म्हणाले, "हासनं नाही जमत त्याले." स्वतः हसून दाखवायला गेले आणि खोकला आला. वहिनी पाणी घेऊन धावली.
नंतर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.
"मॅडम, खरं सांगा. त्या दिवशी पेटी चालू असती तं?"
खोटा धीर द्यावासा नाही वाटला. म्हटलं, नक्की नाही सांगता येत वहिनी. पण सरळ गोंदियाला पाठवलं असतं. वेळ वाचला असता.
"अना बंद काऊन होती?"
"आत कार्डच बसवलं नव्हतं. बसवल्याचं दाखवलं होतं."
फाटकाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हे तुमी कोनापुढं बी सांगान?"
"सांगीन."
रस्त्याने येताना वाटलं, बोलून तर बसले.

९ जाने., शुक्रवार
या आठवड्यात पेटी रोज उघडली. परवा पलीकडच्या वस्तीची, टोल्यावरची म्हातारी आली, पाठ दुखते म्हणून. पट्टी पाठवली, डॉ. पटलेंचा लगेच फोन: झटका आहे, सरळ गोंदियाला आणा. ॲम्ब्युलन्स थेट गेली. आज बरी आहे. तिच्या सुनेने काकड्या आणून दिल्या.
आणि आजच साहेबांच्या कार्यालयाचा संदेश: सील तुटल्याबाबत तपासणीसाठी यंत्र ताब्यात घेण्यात येईल, सोमवारी गाडी येईल. कधी परत देणार, त्याचा उल्लेख नाही. खाली दुबेचा वेगळा मेसेज, ओटीपी दे दो मॅडम, गाडी नहीं आएगी.
कांताताई म्हणाली, "देऊन टाका ना जी. तुमचा राग खरा हाये. पन पेटी गेली तं गावाचं काय?"
तिच्यावर चिडले. मग चिडले म्हणून वाईट वाटलं. ती चुकीचं बोलत नाही. म्हातारीला काय ओटीपीशी घेणं? पण दिला तर शेवंतावहिनीला काय तोंड दाखवू, आणि त्या तिघींच्या पेट्यांत कार्ड कधी येणार?
दुपारी बैठकीतल्या एकीचा फोन. बदलीला भिणारी तीच. म्हणाली, मीपण उघडली गं. रिकामी आहे. फोटो पाठवू का तुला?
पाठव म्हटलं. अजून आला नाही. टाकीकडे दोनदा जाऊन पाहिलं.

११ जाने., रविवार
फोटो नाही. ओटीपी मात्र सकाळपासून दोनदा आला, दिला नाही.
पेटी चार्जिंगला लावली आहे. तपासणीसाठी रामदासभाऊंची नवी पट्टी डॉ. पटलेंनी मागितली आहे. वहिनीला निरोप दिला, उद्या उजाडल्याबरोबर घेऊन ये. पेटी न्यायला गोंदियाची गाडी पोचायच्या आत.