फलाटावरचा लिंब

कुरुंदा, रविवार

प्रिय मुबश्शीर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. परवा बाजारात सुदाम टेम्पोवाला भेटला. म्हणाला, तू तुझा पाट कुठल्याशा शाळेला देऊन टाकणार आहेस. हिंगोली ते वाशीम, लाकडी पाटांवर मांडलेल्या आपल्या छोट्या रेल्वेचा तुझा अख्खा अर्धा भाग! अमिनाभाभी गेल्यापासून तुला त्याच्याकडे बघवत नाही, हे मला माहीत आहे. तिच्या चाळिसाव्याला मी आलो, तेव्हाही तू त्यावर चादर टाकून ठेवली होतीस आणि एवढंच म्हणालास, “तिचं झाड अर्धंच राहिलं रे.” तेव्हा मी गप्प बसलो. आज बसणार नाही. पत्र आहे, त्यामुळे सवयीप्रमाणे तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

इकडे हळद शिजवणं चालू आहे. तो उकडलेला वास गावभर पसरलाय. जेवण झालं की मी माडीवर जातो, माझ्या पाटाच्या काठाला हनुवटी टेकवतो आणि गाडी सोडतो. वसमतहून ती निघते, भुश्शाला हळद चोळून केलेल्या शेतांमधून सावकाश वळते, आणि माझे डोळे जड होऊ लागतात. मग गाडी लहान राहत नाही. मी खिडकीत असतो, तू समोर, मीटर गेजचा तो पाळण्यासारखा हेलकावा, तुझ्या मांडीवर पुस्तक फडफडतंय, आणि शाळेला उशीर होणार म्हणून आपण दोघंही खूष. हिंगोलीच्या फलाटाशी पाट संपतो, तिथे गाडी थांबते. मी मात्र तसाच पुढे तुझ्याकडे निघालेला असतो. तेवढ्यात निर्मला चहा घेऊन येते आणि म्हणते, “काहून हो, पन्नाशीचं लेकरू रुळावर झोपून राहिलं का?” तिला काय सांगणार!

आपण मोबाइलवर अशा छोट्या रेल्वेंच्या किती मांडण्या पाहिल्या! ती परदेशातली आठवते का, बर्फाचे डोंगर, विमानतळ, शंभर गाड्या एका वेळी? तू तोंडाचा आ वासून बघत होतास. मला खरं सांगू, जांभया येत होत्या. तिथे सगळंच पळतं, कुणी घडीभर थांबत नाही. त्यापेक्षा नांदेडच्या उकंडराव मास्तरांची बरी. पलंगाखालून ओढायची एक फळी, एक इंजिन, चार डबे. ते डबे हव्या त्या क्रमाने लावण्यात मास्तरांची दुपार जाते. गाडी कुठेच जात नाही, पण बघणाऱ्याचा पाय निघत नाही. आणि सगळ्यांत लाडकी विचारशील तर तुझी. फुगू नकोस, त्यात तुझं कौतुक कमी आणि भाभीचं जास्त आहे. रूळ तू टाकलेस, घड्याळवाल्याचे हात ते, सफाईदार असणारच. पण घोसाळ्याची जाळी रंगवून झाडं तिने केली. फाटकाजवळ शेंगा निवडत बसलेली बाई तिने केली, तीही गाडीकडे पाठ करून. तू वाद घातलास की तोंड गाडीकडे पाहिजे. तर म्हणाली, “रोजचीच गाडी हाय, कोन बगतंय तिला?” चांगली मांडणी कशाला म्हणायची, ते मला त्या दिवशी कळलं. गाडी निघून गेल्यावरही जिथली माणसं आपापल्या कामात असतील असं वाटतं, ती चांगली.

आपलं ठरलेलं होतं. दोन्ही पाटांची उंची एक, काठावरचे रूळ एकाच जागी, म्हणजे कधीही शेजारी ठेवले की जुळावेत. जोड हिंगोलीच्या फलाटावर, लिंबापाशी. त्याच लिंबाच्या पारावर बसून आपण गाडीची वाट बघायचो. मीटर गेज जाऊन मोठे रूळ आले आणि खरा लिंब गेला. आपले पाट मात्र एकदाही जोडले गेले नाहीत. तुझं दुकान, माझी हळद, या दिवाळीला नाही तर पुढच्या ईदला. भाभी दर वेळी विचारायची, “कवा जोडून राहिले तुमी?”

मागच्या ईदला शिरखुर्म्याच्या डब्याबरोबर तिने मला कागदात गुंडाळून एक झाड पाठवलं. एका अंगाने भरगच्च, दुसऱ्या अंगाने सपाट. खोडाशी पाराचा तुकडा, त्यावर एक पोरगं. आपण छंदवाले अशी सपाट झाडं मागच्या पडद्याला चिकटवतो, रान दाट दिसतं. मीही ते टेकडीमागे निळ्या पडद्याला चिकटवलं आणि तिला फोटो पाठवला, ‘भाभी, एक नंबर!’ उत्तर आलं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत.

आज सकाळी निर्मला जाळ्या काढत होती. झाडूचा धक्का लागून ते झाड पडलं. उचललं आणि हाताशी होता तो पाटाचा काठ, म्हणून तिथे टेकवलं. फलाट जिथे संपतो तिथे ते नेमकं बसलं. सपाट बाजू काठाला लागून, तुझ्या दिशेला. पारावरचं पोरगं खाकी चड्डीतलं, पाय सोडून बसलेलं, मान वळवून शेजारच्याशी बोलल्यासारखं. शेजारी कुणीच नाही. चाळिसाव्याला मी चादरीचा कोपरा उचलून पाहिला होता, मुबश्शीर. तुझ्या काठावरही असंच अर्धं झाड, अर्धा पार आहे आणि त्यावर एक पोरगं एकटंच मान वळवून बसलंय. तिचं झाड अर्धं राहिलेलं नाही रे. ते तिने पुरं केलं होतं. अर्धं तुझ्याकडे ठेवलं, अर्धं मला पाठवलं, आणि मला गाढवाला वाटलं, पडद्याला लावायचं आहे. सकाळपासून मी आणि निर्मला रडतोय. शुक्रवारी तुझी नमाज झाली की सुदामच्या टेम्पोत माझा पाट घालून येतो. शाळेला द्यायचा तर मग खुशाल दे, मी अडवणार नाही. पण त्याआधी ती दोन पोरं एकदा शेजारी बसू देत. चादर तेवढी काढून ठेव.

तुझाच, पारावरचा
बालाजी